जंगलकामाचे सवाल-जवाब : आधी बुडखे बघा, मग रजिस्टर

यावेळी सुपरवायझर मंडळींची पत्रं जास्त आलीत म्हणून सगळी पानं त्यांनाच दिलीयेत. तोड, लागवड, मोजणी, टोळीची भांडणं, सगळं आहे यात. पत्रं लांबलचक होती ती कापून छोटी केलीत, कुणाचं नाव किंवा साईट छापलेली नाही.

प्रश्न : सर, फॉरेस्ट्रीचा डिप्लोमा झाला आणि लगेच तोडीच्या टोळीवर सुपरवायझर म्हणून लागलो. टोळीतले बरेच जण माझ्या वडिलांच्या वयाचे आहेत. मुकादम तर मी काही सांगितलं की नुसता हसतो आणि कामाला लागतो. ओरडून बघितलं, गोड बोलून बघितलं, काही फरक नाही.

उत्तर : लहान आहेस म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस. मुकादम तुझ्या वयाला हसत नाहीये, तू जे सांगतोस ते त्याला पाठ आहे म्हणून हसतोय. "हेल्मेट घाला, जपून तोडा" हे तुझ्याआधी आलेल्या प्रत्येक साहेबाने सांगितलंय, ते साहेब बदलून गेले आणि हा तिथेच आहे. तेव्हा सुरुवातीला बोलणं कमी कर आणि बुडखे बघ.

हो, बुडखेच, झाड तोडल्यावर जमिनीत उरतो तो बुंध्याचा भाग. झाड पडलं, फांद्या छाटल्या, ओंडके ओढून नेले तरी तोडणाऱ्याने काय केलं ते सगळं बुडख्यावर राहतं. टोळी जेवायला बसली की सकाळच्या तोडीतून एकटा चक्कर मारून ये. ज्या दिशेला झाड पाडायचं त्या बाजूची खाच बघ, बुंध्याच्या जाडीच्या साधारण पाचवा ते चौथा हिस्सा खोल पाहिजे. मागून काप घेतल्यावर मधे न कापलेली जी पट्टी सोडतात ती बिजागरी, झाड तिच्यावरच वळतं, ती जाडीच्या दहाव्या हिस्स्याइतकी असावी आणि दोन्ही टोकांना सारखी असावी. म्हणजे 40 सेंटीमीटरच्या झाडाला 4 सेंटीमीटर. एका टोकाला 6 आणि दुसऱ्या टोकाला 1 दिसली तर झाड जाड टोकाकडे ओढलं गेलं असणार. आणि पट्टीच दिसत नसेल, करवत आरपार गेली असेल, तर ते झाड नशिबाने नीट पडलं एवढंच म्हणायचं. कधीकधी बुडख्यावर खुर्चीच्या पाठीसारखी उंच फळी उभी राहिलेली दिसते. पुढे झुकलेलं झाड साध्या पद्धतीने मागून कापत गेलं की ते पडायच्या आत उभं फाटतं आणि फाटलेला बुंधा मागे उसळतो, तोडणारा तिथेच वाकलेला असतो. अशा झाडाला बिजागरीच्या मागून करवतीचं टोक आत घालून काप घ्यायचा, मागे थोडं लाकूड धरून ठेवायचं आणि ते शेवटी सोडायचं. ज्याला ही पद्धत शिकवलेली नाही त्याला असं झाड द्यायचंच नाही.

हे सगळं बघून झालं की मुकादमाजवळ जाऊन बस आणि विचार, "काका, ओढ्याकडचं ते तिसरं झाड थोडं डावीकडे गेलं का हो?" तो दचकून बघेल, कारण झाड पडताना तू तिथे नव्हतास. एवढंच कर, वर उपदेश नको. असं चार-पाच वेळा झालं की तोच तुला हाक मारेल, साहेब हे झाड जरा बघा म्हणून. आणि काका म्हणायला लाजू नकोस, तू सुपरवायझर आहेस म्हणून तो तुझ्यापेक्षा लहान होत नाही. मात्र काका म्हणतोस म्हणून त्याला नियमातून सूट नाही, हेही पहिल्या दिवसापासून त्याला कळू दे.

प्रश्न : तोडताना एक झाड शेजारच्या झाडावर अडकलं. टोळीतला एक जण म्हणे ज्या झाडाने धरलंय तेच कापू, दोन्ही सोबत येतील. दुसरा म्हणे अजून एक झाड याच्यावर पाडू, वजनाने सुटेल. मी दोघांनाही नाही म्हटलं पण मग काय करायचं ते मलाही सांगता येईना. शेवटी तसंच सोडून आलो.

उत्तर : दोघांना नाही म्हणालात ते अगदी बरोबर. तसंच सोडून आलात ते मात्र अर्धंच काम झालं, त्याच्याकडे येतो.

अडकलेलं झाड दिसायला स्थिर असतं म्हणूनच ते घातक आहे. वारा आला, धरणारी फांदी मोडली, बुडाशी उरलेली पट्टी तुटली, कशानेही ते खाली येतं आणि कुठल्या बाजूला येईल ते कुणी सांगू शकत नाही. धरणारं झाड कापणारा माणूस दोन झाडांच्या वजनाखाली उभा असतो आणि त्याचं लक्ष करवतीकडे असतं, वर नसतं. दुसरं झाड त्यावर पाडलं तर सुटण्याऐवजी दोन्ही अडकायची शक्यता जास्त, म्हणजे एकाचे दोन प्रॉब्लेम. तिसरी एक युक्ती पण चालते, बुंध्याचे खालून तुकडे कापत जायचं म्हणजे झाड टप्प्याटप्प्याने उभं होत खाली सरकेल. प्रत्येक तुकड्याला बुंधा खाली आदळतो आणि कुठल्या बाजूला घसरेल त्याचा भरवसा नसतो, पायावर येतो. कुणी झाडावर चढून फांदी तोडतो म्हणाला तर त्याच्या हातातलं हत्यार काढून घ्या आणि त्या दिवशी त्याला ओंडके मोजायला बसवा.

मग करायचं काय. पहिलं, सगळ्यांना मागे घ्या. पडणाऱ्या झाडाच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरात तोडणारा सोडून कुणीच नको हा तोडीचा साधा नियम आहे, म्हणजे 20 मीटरचं झाड असेल तर 40 मीटर, आणि उतारावर असाल तर खालच्या बाजूला कुणीच नको, कारण ओंडका घरंगळत कुठवर जाईल त्याला मोजमाप नाही. दुसरं, लांबून नीट बघा, झाड नक्की कशावर टेकलंय, बुडाला पट्टी शिल्लक आहे का, वर मोडकी फांदी लटकतेय का. झाड लहान असेल आणि हलकंच टेकलेलं असेल तर पट्टीची फक्त टोकं कापून, मधे थोडी ठेवून, फिरवायच्या आकड्याने किंवा लिव्हरने बुंधा गोल फिरवला की बऱ्याचदा ते निसटतं. आकडा फिरवताना झाड ज्या बाजूला लोळणार त्या बाजूला उभं राहायचं नाही, आणि मागे पळायची वाट आधी साफ करून ठेवायची, ती सरळ मागे नाही तर मागे तिरकी. मोठं झाड असेल तर हाताने खेळायचंच नाही. विंच (ड्रमवर केबल गुंडाळून ओढणारं मशीन) लावायची, बुंध्याला केबल बांधून लांबून मागे ओढायचं. केबल ताणलेली असताना तिच्या रेषेत किंवा वाकलेल्या केबलच्या आतल्या कोपऱ्यात कुणी उभं राहिलं नाही ना, हे बघणं तुमचं काम, विंचवाल्याचं नाही, त्याचं लक्ष ड्रमवर असतं.

विंच नाही, ती उद्या येणार आहे, असं असेल तर चारही बाजूंनी भडक टेप बांधा, आत कुणी जाणार नाही असं टोळीला तोंडी सांगा, रजिस्टरला लिहा आणि दुसऱ्या दिवशी कामाची सुरुवात त्या झाडापासून करा. तुमच्याकडून राहिलं ते हे. टोळीला माहीत होतं पण उद्या गुरं घेऊन येणाऱ्याला, सरपण गोळा करणाऱ्याला, शिफ्ट बदलून आलेल्याला ते कोण सांगणार. आज टेप नसेल बांधलेला तर हे वाचून झालं की फोन करा.

प्रश्न : आमच्याकडे घनमीटरवर पैसे मिळतात. माणसं ब्रेक घेत नाहीत, चेनसॉची (इंजिनवर चालणाऱ्या करवतीची) चेन घासून धार लावायला थांबत नाहीत, वरचे साहेब टार्गेट विचारतात. मी काम थांबवलं की टोळीही नाराज आणि ऑफिसही. अशा वेळी सुपरवायझर नक्की कुणाचा?

उत्तर : पत्रात शिव्या पण होत्या, त्या काढल्यात, पण राग समजला.

मालावर पैसे असले की माणूस स्वतःलाच पळवतो, तिथे सुपरवायझरने अजून पळवायची गरज नसते. तुम्ही उलट बाजूला ओढायचं. घाई कुठे दिसते ते शिकून घ्या. बुंध्याशी पडलेला भुसा हातात घ्या, चेन धारदार असेल तर भुश्याचे जाडसर कण पडतात, बोथट असेल तर पिठासारखं बारीक पडतं. बारीक भुसा दिसला की त्या माणसाला थांबवा आणि चेन घासायला लावा. तो कुरकुर करेल, पण बोथट चेनला जोर लावावा लागतो, जोराने हात थकतो, थकलेल्या हाताने करवतीच्या पात्याच्या (ज्याच्यावर चेन फिरते त्याच्या) टोकाचा वरचा भाग कुठेतरी टेकतो आणि करवत उसळून तोंडाकडे येते. शिवाय बोथट चेनने माल पण कमीच निघतो, हा हिशोब त्याला पटतो, सेफ्टीचं भाषण पटत नाही. दुसरी जागा पेट्रोल भरताना. गरम इंजिनात पेट्रोल ओततात आणि तिथेच दोरी ओढून चालू करतात. इंजिन थंड होऊ द्यायचं, भरल्यावर निदान 3 मीटर लांब जाऊन चालू करायचं. तेवढ्यात त्याचा आपोआप ब्रेक होतो, मी तर म्हणतो पेट्रोल मुद्दाम लांब ठेवा.

आता वरच्या साहेबांचं. तोंडी वाद घालू नका, लिहून द्या. "आज अमुक भागात वारा जास्त, तोड बंद ठेवली, टोळी फांद्या छाटायला लावली" एवढी एक ओळ, वेळ टाकून. कागदावर आलं की "कुणी सांगितलं थांबायला" हा प्रश्न पुष्कळ वेळा विचारलाच जात नाही. आणि कामगाराला समोर जीवघेणा धोका दिसला आणि तो वाजवी कारणाने बाजूला झाला तर त्याला त्याचा त्रास होता कामा नये, हे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 1981 च्या 155 क्रमांकाच्या करारात आहे, 2022 मध्ये तो करार मूलभूत करारांमध्ये घेतलाय. जंगलकामाच्या सुरक्षेवर याच संघटनेची वेगळी आचारसंहिता पण आहे, तिची सगळ्यात नवी आवृत्ती ऑफिसात ठेवा, साहेबांच्या टेबलावर दिसेल अशी.

तुम्ही कुणाचा, याचं उत्तर पगार देणारा वेगळं देईल. मला विचाराल तर तोड चालू असताना टोळीचा आणि संध्याकाळी रिपोर्ट लिहिताना ऑफिसचा, याची अदलाबदल झाली की गडबड होते.

प्रश्न : बरीच वर्षं चेनसॉ चालवणारा आमचा एक माणूस सकाळी थंडीत बोटं पांढरी पडतात, मुंग्या येतात म्हणतो. टोळीतले म्हणतात वय झालं.

उत्तर : वय नाही, थरथर. रोज कंप पावणारं मशीन धरून बोटांच्या रक्तवाहिन्या आणि नसा बिघडतात, थंडीत बोटं पांढरी पडणं हे त्याचं ठळक लक्षण. त्याला आत्ताच डॉक्टरकडे पाठवा आणि "चेनसॉ चालवतो" हे डॉक्टरला सांगायला लावा, नाहीतर नुसत्या गोळ्या घेऊन परत येईल. काम बदलून द्या, कारण पुढे गेलेलं हे दुखणं पूर्ण बरं होईलच असं नसतं. युरोपात 2002 च्या नियमाने 8 तासांच्या हिशोबाने हाताला बसणारी थरथर 2.5 मीटर प्रति सेकंद वर्ग झाली की मालकाने उपाय सुरू करायचे आणि 5 च्या वर जाऊच द्यायची नाही. मशीनच्या पुस्तकात त्या मशीनच्या थरथरीचा आकडा दिलेला असतो, बघा. हँडलचे रबर झिजलेत का तेही बघा, ते बदलायला अगदी किरकोळ खर्च येतो.

प्रश्न : मोजणीवरून रोज भांडण. टोळी म्हणते लाकूड जास्त निघालं, आमच्या वहीत कमी येतं. मी मापात काही खोट करत नाही, शपथेवर सांगतो.

उत्तर : शपथ नको, सूत्र बघा. तुमच्या पत्रावरून तुम्ही घेराचा चौथा हिस्सा घेऊन त्याचा वर्ग गुणिले लांबी असं करताय. ही जुनी पद्धत आहे, ती खरं घनफळ देतच नाही, ती सुमारे 78.5 टक्केच देते, कापताना वाया जाणारं लाकूड त्यात आधीच वजा धरलेलं आहे. उदाहरण घ्या. मधला घेर 120 सेंटीमीटर, लांबी 3 मीटर. चौथा हिस्सा 30 सेंटीमीटर, म्हणजे 0.30 गुणिले 0.30 गुणिले 3, आले 0.27 घनमीटर. त्याच ओंडक्याचं मधल्या गोलाच्या क्षेत्रफळावरून काढलं तर 0.344 येतात. टोळीतल्या एखाद्याचा मुलगा शाळेत शिकलेल्या सूत्राने मोबाईलवर हिशोब करतो आणि तुम्हाला चोर ठरवतो.

दर कोणत्या मापावर ठरलाय हे काम सुरू व्हायच्या आधी सगळ्यांसमोर सांगायचं, सालीसकट की साल सोडून तेही. मग एक ओंडका सगळ्यांसमोर दोन्ही पद्धतीने मोजून दाखवा. टेप टोळीतल्या माणसाच्या हातात द्या, तुम्ही लिहा. उभ्या झाडाचा घेर घेताना पण एकच उंची ठेवा, बऱ्याच देशांत 1.3 मीटर धरतात, काही ठिकाणी 1.37, आणि उतारावर वरच्या बाजूने मोजायची. एक माणूस वरून आणि दुसरा खालून मोजत असेल तर तुमच्या वहीला काहीच अर्थ नाही.

प्रश्न : मी लागवडीवर सुपरवायझर आहे, बाई आहे म्हणून मला तोडीवर घेत नाहीत. टोळीत बायकाच जास्त आहेत. रोपं लावून झाली की आकडा पूर्ण दिसतो आणि काही महिन्यांनी निम्मी मेलेली असतात. ऑफिस म्हणतं रोपवाटिकेचा माल खराब.

उत्तर : ताई, तोडीवर न घेण्याचं कारण "बाई आहे" हे असेल तर ते कारणच नाही, ट्रेनिंग मागा, लेखी मागा.

आता रोपं. माल खराब असूही शकतो, पण ते लावायच्या आधी ठरवायचं, नंतर नाही. आलेल्या प्रत्येक खेपेतली थोडी रोपं पिशवी फाडून बघा, मुळं पिशवीच्या तळाशी गोल गोल फिरलेली असतील तर ती खेप परत पाठवा, तशी मुळं जमिनीत गेल्यावरही तशीच फिरत राहतात आणि झाड मोठं झाल्यावर सुद्धा वाऱ्याने उलथतं. मग वाहतूक. उघडी मुळं उन्हात आणि वाऱ्यात बघता बघता सुकतात, रोप मात्र अजून हिरवं दिसतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. रोपं सावलीत ठेवा, लागतील तेवढीच बाहेर काढा.

लावताना प्रत्येकीच्या मागे थोडं चाला. पिशवी काढली का, मुळं खड्ड्यात वर वळून बसली नाहीत ना, मुळाचा गळा (खोड आणि मूळ जुळतं ती जागा) जमिनीच्या पातळीला आहे का, माती पायाने दाबली का. वरची दोन पानं चिमटीत धरून हलकं ओढा, रोप वर आलं तर दाबलेलं नाही. हे ज्या बाईच्या रांगेत सारखं होतंय तिला सगळ्यांसमोर बोलू नका, तिच्या शेजारी बसून दोन रोपं स्वतः लावून दाखवा.

आणि मोजायचं असं. 5.64 मीटरची दोरी घ्या, एक खुंटी रोवा, दोरी फिरवून गोल करा, ती जागा जवळजवळ 100 चौरस मीटर भरते. 2 बाय 2 मीटरवर लावलं असेल तर हेक्टरी 2500, म्हणजे या गोलात साधारण 25 रोपं पाहिजेत. जिवंत किती ते मोजा. असे गोल चांगल्या भागातच नको, आधी नकाशावर टाका आणि मग तिथे जा, म्हणजे मन जिकडे ओढेल तिकडे जाणं होत नाही. कोणत्या गोलात मर जास्त, तिथे कुणाची रांग होती, त्या दिवशी रोपं कुठून आली होती, हे एकत्र लिहिलं की ऑफिसला उत्तर द्यायला तुमच्याकडे कागद असेल. नांग्या (रोपं मेलेल्या रिकाम्या जागा) पण त्यावरूनच भरा, सगळीकडे सरसकट नको.

अजून एक, तुम्ही लिहिलं नाही पण मीच सांगतो. टोळीत बायका आहेत तर आडोशाची आणि पाण्याची सोय हे सुपरवायझरचंच काम. बायका दिवसभर पाणी प्यायचं टाळतात कारण जायला जागा नसते, आणि मग दुपारी उन्हात चक्कर येऊन पडतात. प्लॅनमध्ये ती जागा खड्ड्यांच्या आधी आखा.

प्रश्न : आता हार्वेस्टर आणि फॉरवर्डर (ओंडके उचलून वाहून नेणारं मशीन) आलेत, मशीनच झाड तोडतं, फांद्या छाटतं, मोजतं. सुपरवायझरची गरज उरेल का?

उत्तर : उरेल. मशीन झाड मोजतं, ओल्या जमिनीत चाकं किती रुतली ते काही लिहून देत नाही. ऑपरेटरला फांद्यांच्या गादीवरून चालवायला लावणं, पाऊस झाला की मशीन बाहेर काढणं, ओढ्यापासून लांब ठेवणं, हे निर्णय माणसाचेच. मशीनचा डेटा वाचायला मात्र आजपासून शिका.

प्रश्न : आमच्या साईटवर मोबाईलला रेंज नाही. काही झालं तर काय, ही धास्ती असते.

उत्तर : धास्ती चांगली आहे, आता तिचा प्लॅन करा. काम सुरू व्हायच्या आधी रेंज कुठे येते ती जागा शोधा आणि सगळ्यांना नेऊन दाखवा. गाडी नेहमी बाहेरच्या दिशेला तोंड करून लावा, तिच्यामागे ओंडके रचू देऊ नका, किल्ली कुठे असते ते दोघांना तरी माहीत हवं. जवळचा दवाखाना कुठला, तिथे जायचा रस्ता पावसात चालतो का, ॲम्ब्युलन्सला कुठल्या फाट्यावर भेटायचं, त्या जागेचे अक्षांश-रेखांश, हे एका कार्डवर लिहून प्रत्येकाच्या खिशात द्या. चेनसॉवाल्याच्या स्वतःच्या अंगावर रक्त थांबवायची मोठी पट्टी पाहिजे, गाडीतल्या पेटीत असून उपयोग नाही, मांडीची शीर कापली तर पेटी येईपर्यंत वेळच नसतो. एकट्याला चेनसॉ देऊ नका, ओरडलं तर ऐकू येईल इतक्या अंतरावर पण झाडाच्या दुप्पट उंचीच्या बाहेर दुसरा माणूस असलाच पाहिजे. वॉकीटॉकी असतील तर ठरलेल्या वेळी हाक द्यायची, उत्तर आलं नाही तर "बॅटरी गेली असेल" म्हणून बसायचं नाही, उठून जायचं.

आणि एकदा खोटा प्रसंग करून बघा. कुणाला न सांगता एकाला खाली झोपवा आणि घड्याळ लावा. पहिल्या वेळी किल्ली सापडत नाही, स्ट्रेचर दोरीने बांधलेलं निघतं आणि चौघं चार दिशांना धावतात. हे सगळं लिहून काढा, दुरुस्त करा, आणि टोळीत नवीन माणूस आला की परत करा.